चारचा प्रभाग की एकचा वॉर्ड? पुण्याने आता हे ठरवायला हवं

कसबेकर
पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं आणि नगरसेवक परत आले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता पुढची निवडणूक येईपर्यंत प्रभागरचनेबद्दल, म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे की एका वॉर्डातून एकच याबद्दल, कोणी बोलणार नाही, आणि ती जवळ आली की बोलून उपयोग नसतो. म्हणून विषय आत्ताच काढतोय.

165 नगरसेवक, 41 प्रभाग. चाळीस प्रभागांत चार-चार आणि आंबेगाव-कात्रजकडच्या एकात पाच. 2011 ची जनगणना धरली तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर माणसं येतात, आणि 2011 नंतर हे शहर किती सुटलंय ते आपण रोज बघतो. मुंबईत 227 वॉर्ड आणि 227 नगरसेवक, म्हणजे त्याच जनगणनेने वॉर्डामागे पंचावन्न हजारांच्या आसपास. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून ती यातून सुटली. बाकीच्या महापालिका 1949 च्या कायद्याखाली येतात आणि त्यातली प्रभागाची तरतूद सरकार बदललं की बदलते. पुण्याने 2002 ला तीनचा प्रभाग पाहिला, 2007 ला एकचा वॉर्ड, 2012 ला दोनचा प्रभाग, 2017 ला चारचा. 2019 च्या अखेरीस पुन्हा एकचा निर्णय झाला, 2021 मध्ये तो तीनचा झाला, 2022 मध्ये परत चारचा. यातला एकही बदल पुणेकरांनी मागितला नव्हता. दिल्लीत 250, चेन्नईत 200, कोलकात्यात 144 वॉर्ड आहेत आणि तिथे प्रत्येक वॉर्डाला एकच नगरसेवक असतो.

माझा आक्षेप जबाबदारीबद्दल आहे. चारच्या प्रभागात निवडून आलेले आपसात भाग वाटून घेतात. ड्रेनेज तुंबलं म्हणून एकाकडे जावं तर तो सांगतो, तुमची गल्ली माझ्याकडे नाही. हे वाटप कुठल्या कायद्यात लिहिलंय? मत मागायला चौघंही दारात आले होते ना? आणि पाच वर्षांनी काम झालं नाही म्हणून पाडायचं तरी कोणाला? मला एक नाव हवंय, एक फोन नंबर हवाय आणि पाच वर्षांनी त्या एकाला जाब विचारायचाय.

सिंहगड रोडवरून
तुमची तळमळ पटते, उपाय पटत नाही. एकाच नगरसेवकाचा वॉर्ड 2007 ते 2012 पुण्यात होता. तेव्हा शहर फार जबाबदारीने चाललं होतं असं कोणी सांगितलेलं मी तरी ऐकलेलं नाही. एकच नगरसेवक असला आणि तुम्ही त्याचे मतदार नाही हे त्याला माहीत असलं, की पाच वर्षं तुमची गल्ली अंधारात. चौघांत निदान एखादा वेगळ्या पक्षाचा असतो, वेगळ्या समाजाचा असतो, आणि दोन बायका तर असतातच. माझ्या आईला बाईकडे तक्रार घेऊन जायला सोपं वाटतं. ही छोटी गोष्ट समजू नका.

दुसरं आरक्षणाचं. वॉर्डात एकच जागा असली की सोडतीच्या दिवशी सगळा वॉर्ड उलटापालटा होतो. पाच वर्षं राबलेल्या नगरसेवकाची जागा आरक्षित झाली की त्याला शेजारच्या वॉर्डात जागा शोधावी लागते किंवा घरात बसावं लागतं. मग पुढच्या वेळेसाठी वॉर्ड सांभाळायचा कशाला, असंच त्याला वाटणार. चारच्या प्रभागात अ, ब, क, ड या चार जागांपैकी एका तरी जागेवर त्याला उभं राहता येतं.

आकडेवाला
वेगवेगळ्या पक्षांचे चार निवडून येतात हा गैरसमज आधी काढून टाकू. मतदार चारही गटांत, म्हणजे अ ते ड या जागांसाठी, मत देतो, चारही गटांत बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. पण मोजणी प्रत्येक गटाची वेगळी होते आणि त्या गटात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. तेच ऐंशी हजार लोकांचे तेच मतदार चार वेळा कौल देतात. तिरंगी लढतीत एखाद्या पक्षाला चाळीस टक्के मतं पडली तर चारच्या चार जागा त्याच्याकडे जाऊ शकतात आणि उरलेल्या साठ टक्क्यांचा एकही नगरसेवक नाही. म्हणूनच पक्षांना पॅनेल, म्हणजे चारही जागांवर आपले उमेदवार एकत्र उभे करणं, आवडतं. एक वजनदार उमेदवार ओढतो आणि बाकीचे तिघे त्याच्या मागून सभागृहात पोचतात. हाच प्रभाग चार वॉर्डांत तोडला तर एका वस्तीत एक पक्ष आणि दुसऱ्या वस्तीत दुसरा निवडून येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

पुरावा हवा असेल तर 2012 आणि 2017 शेजारी ठेवा. दोनच्या प्रभागात मनसेचे 29 नगरसेवक होते, चारच्या प्रभागात 2 उरले.

सिंहगड रोडवरून
मोजणीबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. मनसेचं उदाहरण मात्र चुकीचं आहे. मुंबईत दोन्ही वेळा वॉर्डाला एकच नगरसेवक होता, तरी मनसे तिथेही 28 वरून 7 वर आली. तो पक्षाचा उतार होता, त्याचं खापर प्रभागरचनेवर फोडू नका. आणि लहान वॉर्डात अपक्षांना संधी मिळते असं कोणी म्हणेल, तर 2017 ला मुंबईत 227 पैकी फक्त 5 अपक्ष निवडून आले. वॉर्ड लहान केल्याने सामान्य माणसाला दार उघडतं हे मुंबईने तरी सिद्ध केलेलं नाही.

तळजाईची
मी एका उमेदवार बाईंबरोबर प्रचारात फिरले. पक्षाचं नाव सांगत नाही, सगळीकडे तेच आहे. ऐंशी हजार वस्तीचा प्रभाग पायी फिरून होत नाही. एका टोकाला जुन्या चाळी, मध्ये झोपडपट्टी, पलीकडे बाराबारा मजल्यांच्या सोसायट्या, तिथे तर वॉचमन फाटकाच्या आत सोडत नाही. ज्यांच्याकडे गाड्या आणि पोरांची फौज आहे त्यांचाच चेहरा सगळीकडे पोचतो. आमच्या बाई बचत गटातून पुढे आलेल्या. तीन वस्त्यांत लोक त्यांना नावाने ओळखतात. तेवढ्याच वस्त्यांचा वॉर्ड असता तर त्यांनी कुठल्याही पक्षाशिवाय लढत दिली असती. चारच्या प्रभागात त्यांना पॅनेलमध्ये घ्या म्हणून पक्षाच्या दारात उभं राहावं लागलं, आणि पत्रकावर त्यांचा फोटो सगळ्यांत लहान होता.

महिलांच्या जागा चारच्या प्रभागामुळे मिळालेल्या नाहीत. 50 टक्के आरक्षण कायद्याने आहे. मुंबईत वॉर्डाला एकच नगरसेवक असून 227 पैकी 114 जागा महिलांच्या असतात. त्यामुळे बायकांचं नाव पुढे करून या पद्धतीची बाजू घेऊ नका. पॅनेलमधली बाई बऱ्याचदा पॅनेलप्रमुखाच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही, हे मी जवळून बघितलंय.

दादर पश्चिम
मुंबईकराचे चार शब्द. आमच्याकडे एकच नगरसेवक असल्याने त्याचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, हे खरं. शाखेत किंवा ऑफिसात गेलं की माणूस भेटतो. पण आरक्षण फिरलं की त्याच घरातली बायको, वहिनी, सून उभी राहते आणि फोन आधीचाच माणूस उचलतो. शिवाय वॉर्ड लहान असला की नजरही लहान होते. पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा, लाद्या यांत निधी जातो. नाला तीन वॉर्डांतून वाहतो आणि त्याच्यासाठी कोणी भांडत नाही. एक वॉर्ड, एक नगरसेवक जरूर मागा, मलाही तेच योग्य वाटतं. पण तेवढ्याने काम होईल असं समजू नका.

कसबेकर
नाल्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण नाला सांभाळायला प्रभाग समिती असते. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांसाठी ती घालून दिली. पुण्यात 15 क्षेत्रीय कार्यालयं आहेत, त्या पातळीवर आजूबाजूचे नगरसेवक एकत्र बसतात. मोठं काम तिथे ठरू द्या. प्रभाग मोठा केला म्हणून दृष्टी मोठी होत नाही, हे चौघांनी वाटून घेतलेल्या गल्ल्याच दाखवतात.

आणखी एक. चौघांतली एक जागा मधेच रिकामी झाली तर पोटनिवडणूक अख्ख्या प्रभागात घ्यावी लागते. एका जागेसाठी ऐंशी हजार वस्तीत पुन्हा मतदान केंद्रं, पुन्हा यंत्रणा. त्या एकाला मत कुठल्या भागाने दिलं होतं, हे कोणालाच सांगता येत नाही.

नऱ्हेकर
तुम्ही सगळे शहराच्या आतले. आमचं ऐका. नऱ्हे 2021 मध्ये इतर 22 गावांबरोबर महापालिकेत आलं. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला आणि लगेच महापालिकेचीही मुदत संपली. आमच्या भागातून आम्ही निवडलेला नगरसेवक सभागृहात पहिल्यांदा जातोय तो यंदा. मधल्या वर्षांत मिळकतकराची बिलं आली, पण ज्याच्याकडे जाब मागावा असा माणूस नव्हता. आम्हाला चारही चालतील आणि एकही चालेल, कोणीतरी निवडून आलेला असू दे, एवढीच इच्छा होती.

पण आता विचारता तर सांगतो. ग्रामपंचायतीत आमचा वॉर्ड लहान होता आणि सदस्य दोन आळ्या सोडून राहायचा. पाण्याचा टँकर आला नाही की लोक थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. आता आमच्या मतांत शेजारच्या मोठ्या वस्तीची मतं मिसळली आणि संख्येने ती आमच्याहून जास्त आहे. चौघंही तिकडचे निवडून आले तरी कायद्याने ते आमचेच नगरसेवक. गावांना तर एकचाच वॉर्ड हवा. इथे मी कसबेकरांच्या बाजूने आहे.

सिंहगड रोडवरून
गावांबद्दलचं तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, ते खरं आहे. तरीही गच्च वस्तीच्या जुन्या शहरात चारचा प्रभाग आरक्षणाच्या दृष्टीने जास्त न्याय्य आहे, हे माझं मत कायम आहे. सोडतीत दर वेळी नवं कोणी येणार असेल तर अनुभवी नगरसेवक तयार होणार कसे, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. आरक्षण दोन निवडणुका एकाच वॉर्डात ठेवलं तर? त्याला कायदा बदलावा लागेल, पण प्रभागातल्या नगरसेवकांची संख्या बदलायलाही लागतोच.

आकडेवाला
दोन निवडणुकांची सूचना चांगली आहे, त्यावर वेगळं बोलू. सध्या एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. 2021 ची जनगणना झाली नाही, म्हणून ही निवडणूक 2011 च्या आकड्यांवर झाली. आता 2027 ची जनगणना येतेय. तिचे आकडे आले की पुढच्या निवडणुकीआधी प्रभागांच्या हद्दी बदलाव्याच लागतील. 2022 पासून प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे गेलाय, त्यामुळे प्रारूप आराखडा निघाल्यावर हरकती देऊन प्रभागातल्या नगरसेवकांची संख्या बदलत नाही. हरकत फक्त हद्दीवर चालते. एकचा वॉर्ड हवा असेल तर मागणी आमदारांकडे न्यायला हवी आणि ती आराखड्याच्या आधी न्यायला हवी.

नऱ्हेकर
मग आमच्या 23 गावांचं एकत्र निवेदन करू. मसुदा मी लिहितो. तळजाईच्या ताई, प्रचारातला तुमचा अनुभव त्यात घालायला परवानगी द्याल का?

तळजाईची
जरूर घाला. आमच्या बाईही सही करतील, मी विचारते त्यांना.