वि.: पुढच्या कुंपणाची उंची (लॉस एंजेलिस)

नमस्कार मंडळी,
घरासमोर ६ फुटी लाकडी कुंपण घालायचं आहे. कंत्राटदार म्हणतो, ६ फुटांपर्यंत परवाना लागत नाही, सोमवारी खड्डे घेऊ. होकार देऊ का? अर्धा खर्च शेजाऱ्यांकडून मागता येईल ना?

---

ताई, सोमवार रद्द करा. परवाना बांधकाम खात्याचा, उंची झोनिंगची (कुठल्या भागात काय बांधता येतं त्या नियमांची). परवाना लागला नाही तरी उंचीचा नियम सुटत नाही. लॉस एंजेलिस शहरात रहिवासी झोनच्या पुढच्या यार्डात, म्हणजे रस्त्याकडच्या मोकळ्या पट्ट्यात, मर्यादा साडेतीन फूट. बाजूला आणि मागे ६ की ८, ते झोन आणि प्लॉटच्या रुंदीवर.

आधी झिमासवर (शहराच्या झोनिंग नकाशाची वेबसाइट, ZIMAS) पत्ता टाकून झोन बघा. पाकिटावर 'लॉस एंजेलिस' असलं तरी घर शहराबाहेर, काउंटीच्या हद्दीत असू शकतं. टॉरन्स, सेरिटोस, आर्टेशिया ही तर स्वतंत्र शहरं, त्यांचे नियम वेगळेच.

आर-वन (एका कुटुंबाच्या घरांचा झोन) असेल तर पुढचं यार्ड प्लॉटच्या खोलीच्या २० टक्के, पण २० फुटांवर सहसा नाही. १२० फूट खोल प्लॉटला हिशोबाने २४ येतात, धरायचे २०. मात्र रांगेतली घरं त्याहून मागे असतील तर ते अंतर लागू. फूटपट्टी प्रॉपर्टी लाइनपासून लावा, फुटपाथच्या कडेपासून नाही. लाइन बऱ्याचदा आणखी आत असते. इथेच कुंपणं चुकतात.

उंची मूळ जमिनीपासून. माती भरून, वर कुंपण घालून फायदा नाही. ४२ इंची फळ्या आणि कुजू नये म्हणून खाली २ इंच फट, झाले ४४! म्हणून फळ्या ४० इंचांच्याच कापून घ्या. वरची लॅटिसही (लाकडी जाळी) उंचीत धरा. ब्लॉकची भिंत साडेतीन फुटांवर गेली की परवाना लागतोच.

सहा फूटच हवे असतील तर झोनिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे अर्ज करावा लागेल. वेळखाऊ आणि महागडं काम.

---

खर्चाबद्दल थोडं. २०१४ पासून लागू असलेलं कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम ८४१ दोन घरांमधल्या सामाईक कुंपणापुरतं आहे. रस्त्याकडचं कुंपण तुमचं एकटीचं. सामाईक भागासाठी ३० दिवस आधी लेखी नोटीस द्या: अडचण काय, उपाय काय, अंदाजे खर्च, वाटणी, वेळापत्रक. तोंडी बोलणं झालंय, हे नंतर उपयोगाचं नाही.

६ फुटी सामाईक कुंपणाला ८ फुटी, दाबप्रक्रिया केलेला (कुजू नये म्हणून दाबाने औषध मुरवलेला) ४ बाय ४ इंची खांब लागतो. त्यातले २ फूट जमिनीत, खांबांत ८ फूट अंतर. खड्डा घेण्याच्या किमान दोन कामाच्या दिवसांआधी ८११ ला (जमिनीखालच्या लाइन्स दाखवून देणारी सेवा) फोन. गॅसची लाइन कुठून गेलीय ते कंत्राटदाराला माहीत नसतं.

दुकानवाल्यांसाठी: पार्किंगला लागून रहिवासी प्लॉट असेल तर मधे लाकडी कुंपण चालत नाही, किमान ५ फूट ९ इंचांची पक्की भिंत हवी.