ताजच्या सी लाउंजला आईबाबांना न्यायचंय, कोणी गेलंय का?

रेवसचा_वारा:
बाबांची सगळी नोकरी गेटवेच्या लाँचवर गेली, एलिफंटाच्या किती फेऱ्या मारल्या त्याची गणतीच नाही. दर फेरीला परतताना समोर ताजचा घुमट दिसायचा पण आत पाय एकदाही ठेवला नाही. पुढच्या महिन्यात दोघांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, म्हणून खूप मनात आहे की सी लाउंजला, म्हणजे ताज हॉटेलातल्या समुद्राकडच्या चहापानाच्या दालनात, खिडकीपाशी बसवायचं, जिथनं त्यांना खालच्या लाँच वरून बघता येतील. आई म्हणते आपल्याला तिथे कोण विचारतंय, उगाच खर्च. खरंच अवघडल्यासारखं होईल का त्यांना? आणि आईला डायबेटिस आहे, खायला काय घेऊ?

माहीमकरीण:
न्याच! मी आईला घेऊन गेले होते, वेटर इतके अदबीने बोलतात की दहा मिनिटांत ती सैल झाली. पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. आधी फोन करून खिडकीचंच टेबल मागा आणि पन्नासावा वाढदिवस आहे लग्नाचा हे सांगा, दर पण तेव्हाच विचारून घ्या. दुपारच्या चहाला भेळ, शेवपुरी असते, पण डायबेटिसला तीही बेतानेच, त्यात कुरमुरे, पुऱ्या आणि गोड चटणी असते. चटणी कमी घालायला सांगा आणि चहा बिनसाखरेचा मागा. पियानो चालू असतो हळू आवाजात.

आमच्या शेजारच्या गुजराती काकींचं लग्न तिथेच ठरलं, तेव्हा पारशी-गुजराती घरातले मुलगी बघायचे कार्यक्रम सी लाउंजला व्हायचे ना. त्या अजून सांगतात, कोल्ड कॉफीचा ग्लास समोर आला पण घाबरून एक घोट घेतला नाही, ग्लासवरचं पाणी रुमालाने टिपत बसल्या नुसत्या.

जुना_गिरगावकर:
आईंना एक सांगा, या इमारतीचा आराखडा ज्यांनी केला त्यातले एक सीताराम खंडेराव वैद्य, आपलाच मराठी माणूस. दुसरे डी. एन. मिर्झा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधीच गेले, मग चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेलं. तेव्हा आपल्याला कोण विचारतंय हा प्रश्नच नको.

हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला आणि गेटवे झालं १९२४ ला, म्हणजे वीस वर्षं खिडकीतून गेटवे नव्हतंच, नुसतं अपोलो बंदर आणि पाणी. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं इस्पितळ होतं. मग जॅझचे दिवस आले, तीसच्या दशकात परदेशी बँड यायचे, पुढे मिकी कोरियांचा बँड आणि गोव्याचे चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, ट्रंपेट वाजवायचे. रात्री ताजमध्ये वाजवायचं आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या रेकॉर्डिंगला, त्या काळच्या हिंदी गाण्यांत जो ट्रंपेट ऐकून आपण डोलतो त्यात ताजच्या डान्स फ्लोअरचा मोठा वाटा आहे असं मी तरी मानतो. २००८ च्या हल्ल्यानंतर ही जुनी बाजू बंद होती, १५ ऑगस्ट २०१० ला उघडली. त्या हल्ल्यात जीव गेलेल्यांची नावं आत कोरलेली आहेत, तिथे दोन मिनिटं थांबा.

रेवसचा_वारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वैद्यांचं आईला वाचून दाखवलं, काही बोलली नाही पण संध्याकाळी कपाटातून नारायणपेठ काढून उन्हात टाकायला ठेवली. फोन केला, खिडकी मिळाली. बाबांचं एकच म्हणणं, लवकर जाऊन लवकर उठायचं नाही, एलिफंटाच्या शेवटच्या लाँच परत येतात तोवर बसायचं.