खान्देशात स्पिटफायर का घेऊ नये? "पुण्या-मुंबईची हौस तिथंच शोभते" या पोस्टला उत्तर

भुसावळचा_टर्नर:

परवा 'तापी_ते_मुठा' यांनी इथं लिहिलं की भुसावळच्या एका पोराने १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर बघून ठेवलीय, ती त्याने घेऊ नये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शेचाळीस अंशांच्या गावात बिनछताची विलायती गाडी म्हणजे पांढरा हत्ती, सामान मिळणार नाही, मिस्त्री मिळणार नाही, आणि "ही पुण्या-मुंबईची हौस, तिथंच शोभते". पहिल्या तीन मुद्द्यांवर बोलता येईल. चौथा वाचून मात्र झोप उडाली, म्हणून लिहायला बसलो.

आधी सामान. स्पिटफायर १९६२ साली आली ती ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या घराण्यातून. चासी त्याच वळणाची, पुढचं सस्पेन्शन तेच, मागे स्प्रिंगचा तसाच आडवा पाटा, आणि दोन्हींची बॉडी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरच्याच हातची. आणि हेराल्ड बनायची कुठे? मद्रासला. स्टँडर्ड हेराल्ड म्हणून ती देशभर विकली गेली, आपल्याकडे डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी राहिली. आमच्या गल्लीत एक होती. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटायचं आणि मिस्त्री पुढच्या टायरवर बैठक मारून प्लग काढायचा, ओट्यावर बसून भाजी निवडावी तसा. स्पिटफायरचं बॉनेटही तसंच उलटतं. जिची सख्खी बहीण आपल्या गोठ्यांत पोत्यांखाली झाकून ठेवलेली आहे, ती गाडी परकी कशी?

मग मिस्त्री. भुसावळला रेल्वेचे कारखाने, भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी. निवृत्त टर्नर-फिटर इथं गल्लोगल्ली आहेत. मी स्वतः ३१ वर्षं लेथवर काढली. गेल्या वर्षी अमळनेरच्या एका हेराल्डच्या वॉटर पंपाचा शाफ्ट आणि बुश एका संध्याकाळी बसून काढून दिले, बुश फॉस्फर ब्राँझच्या बारमधून. पार्सलची वाट बघायची वेळच आली नाही.

राहिली हवा. आपलं ऊन वाईट, मान्य. पण ते कोरडं आहे. स्पिटफायरला पक्कं छप्पर नाही, त्यामुळे दाराखालचा सिलचा पत्रा नुसता शोभेचा नसतो, गाडीचा भार घेतो. कोकणात तो आतून कुजतो. इकडे पन्नास वर्षं टिकलेला पत्रा मी पाहिलाय.

आणि पोरा, तुला दोन गोष्टी सांगतो. दार आणि मागच्या पॅनलमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघ. वर आवळली असेल तर सिल गेलं आणि गाडी कमरेत वाकली. मग कोणाला तरी क्लच दाबायला सांग आणि क्रँकची पुढची पुली बघ. नजरेला दिसेल इतकी मागेपुढे सरकली तर थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकत्या, गेले. या इंजिनांची ती जुनी खोड आहे, आणि ते वॉशर खाली पडून गेले तर क्रँक आणि इंजिनाचा ब्लॉक एकमेकांना खातात. आणि पुढच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ज्यात फिरतो त्या सांध्यात, कोणी ग्रीस भरलं असेल तर आधी ते काढ. तिथं ९० नंबरचं गिअर ऑईल लागतं.

तापी_ते_मुठा:

मी मूळचा धुळ्याचा आहे, पुण्याला नोकरीमुळे आलो. "शोभते" हा शब्द चुकला असेल. पण मी हवेत बोलत नव्हतो.

आमच्या घरी हेराल्ड होती. वडील शिक्षक, गाडी दुसऱ्या हाताची, पण जीव की प्राण. दर महिन्याला गॅरेजला नेऊन चारही बाजूंना ग्रीस मारून घ्यायचे, स्वतः उभं राहून. १९८४ च्या दिवाळीत आम्ही सगळे साक्रीहून परत आलो, गाडी गेटातून आत घेताना वडिलांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि कडाड् आवाज झाला. पुढचं डावं चाक मडगार्डाखाली आडवं पडलं. दहा मिनिटं आधी आम्ही त्याच चाकावर हायवेला होतो. आई आणि लहान बहीण मागे बसलेल्या. वडिलांनी ती गाडी परत कधी चालवली नाही. धुळ्याच्या घरी मागच्या पडवीत ती अजून उभी आहे.

इतकी निगा राखूनही जी गाडी असं करते, तिच्या बहिणीवर मी कोणाच्या पोराला बसू देणार नाही. म्हणून म्हणालो, घेऊ नको.

भुसावळचा_टर्नर:

भाऊ, ग्रीस मारलं म्हणूनच तुटलं ते.

ट्रनियन म्हणजे पितळी घर. त्याला आतून आटे, आणि पोलादी दांड्याचं खालचं टोक त्या आट्यांत फिरतं. स्टिअरिंग वळवलं की दांडा आट्यांत वर-खाली सरकतो. दोन आट्यांमधल्या बारीक फटीत ऑईल झिरपतं, ग्रीस झिरपत नाही. ते तोंडाशीच थापलं जातं आणि वाळतं. मग आतला दांडा कोरडा राहतो, पाणी धरतो, गंजतो. गंजलेला दांडा आट्यांत अडकला की स्टिअरिंगची प्रत्येक पिळवण त्याच्या गळ्याशी येते. आणि हेराल्ड वळते किती? २५ फुटांत पूर्ण गोल. तेवढी चाकं वळवली की सगळा ताण तिथंच. म्हणून ते हायवेला तुटत नाही, गेटात तुटतं. तुमच्या वडिलांनी निगा राखली ती चुकीच्या डब्यातून.

तापी_ते_मुठा:

माझे वडील वारले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांनी पगारातून पैसे बाजूला काढून त्या गाडीला सांभाळलं. "चुकीच्या डब्यातून" हे तुम्ही लेथवर बसून म्हणू शकता. पुढे बोलायची इच्छा नाही.

चाळीसगाव_गॅरेज:

टर्नर दादा, जरा सबुरीनं घ्या. मी २८ वर्षं गॅरेज चालवून राहिलोय. पुस्तकात ऑईल लिहिलंय हे मलाही ठाऊक आहे. पण पुस्तक लिहिणाऱ्याने आपली काळी माती बघितली होती का? जुन्या सीलमधून ऑईल दोन दिवसांत खाली गळतं, त्यावर धूळ बसते आणि तीच धूळ आट्यांत जाऊन पॉलिश पेपरसारखं काम करते. ग्रीस निदान तोंड बंद ठेवतं. मी ग्रीसच भरतो, दर हजार किलोमीटरला चाक उचलून, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवत भरतो, जुनं बाहेर येईपर्यंत. माझ्या हातचा एकही दांडा तुटला नाही. कोणाच्या वडिलांवर बोट ठेवायच्या आधी गॅरेजवाल्याला विचारा.

भुसावळचा_टर्नर:

चाक उचलून भरता ना? मग तुमचं ग्रीस आत जातं. असे तुम्ही एकटेच. बाकीचे गाडी जमिनीवर ठेवून ग्रीस गनचे दोन दट्टे मारतात आणि पुसून मोकळे होतात. वजन खाली असताना आटे एका बाजूने आवळलेले असतात, आत काही जात नाही. आणि ऑईल गळतं तर सील बदला ना! चार पैशांचं रबर. गळतं म्हणून ऑईल बंद करायचं हे म्हणजे मडकं पाझरतं म्हणून पाणी प्यायचं सोडायचं.

तापी भाऊ, वडिलांचं माझं वाक्य जिव्हारी लागलं, मला कळतंय. दोष त्यांचा नव्हता. त्यांनी पैसे मोजले, उभे राहिले. ज्याच्या हातात गन होती त्याला माहीत असायला हवं होतं. मी शब्द मागे घेतो. ऑईलचं मागे घेत नाही.

रावेर_केळी:

तुम्ही सगळे ट्रनियनवर भांडून राह्यले आणि खरी गोष्ट कोणी बोलत नाही. पोरगा टाकीत टाकणार काय? २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आता पंपावर तेच मिळतं. माझ्या वडिलांची १९७४ ची मोटरसायकल आहे, तिचा रबरी नळ सहा महिन्यांत चिकट गोळा झाला. हौशी लोक मग इथेनॉललाच शिव्या देतात. अरे, त्याच इथेनॉलमुळे आमच्या मक्याला कारखान्याचं गिऱ्हाईक मिळालं. केळीचं आम्ही बघतोच आहे, वादळ आलं की रातोरात बाग आडवी आणि विम्याच्या कागदांसाठी वर्षभर चकरा. तुमच्या दोन कार्बुरेटरसाठी आमचा मका बंद करायला सांगू नका.

चाळीसगाव_गॅरेज:

मका कोणी बंद करत नाही भो. नळ इथेनॉलला टिकणारा टाक, गाडीतल्या इंधन पंपाचं डायफ्राम बदल. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. स्पिटफायरच्या एसयू कार्बुरेटरला खालचा नट एक-दोन पैलू खाली फिरवला की जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी नळी, उतरतं आणि मिश्रण घट्ट होतं. दोन्ही कार्बुरेटरला सारखंच फिरव. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असशील तर टाकी आणि कार्बुरेटरचे बाउल रिकामे कर, नाहीतर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

पण मे महिन्यातलं सांगतो, तापी भाऊंचं तिथं थोडं खरं आहे. या इंजिनाचे कार्बुरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसलेले. पारोळ्याच्या पुढे दुपारी दोनला थांबलात, चहा घेतलात आणि परत स्टार्टर मारलात तर नळीतलं पेट्रोल उकळलेलं असतं. गाडी अर्धा तास उठत नाही. ओलं फडकं टाकून बसावं लागतं.

भुसावळचा_टर्नर:

दुपारी दोनला भुसावळचा माणूस गुरंसुद्धा बाहेर काढत नाही. सकाळी सहाला काढायची, नऊला आत.

जळगाव_कोर्ट_रोड:

मी वकील आहे आणि दोन दिवस हे वाचतेय. ऑईल-ग्रीसच्या आधी कागद बघा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर पाच हजार. नंबरात 'व्हीए' येतं. जुनी नोंदणी असेल तर मूळ नंबर राखता येतो. पण एकदा व्हिंटेज केली की रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, अशाच कामांसाठी. टर्नर काका म्हणतात तसं रोज सकाळी सहाला गावात फिरवायची असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवा, फिटनेस आणि पर्यावरण कर भरून. आणि आर.सी.वरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. एका अशिलाची जुनी गाडी केवळ एका आकड्यासाठी दीड वर्ष कार्यालयात अडकलेली मी पाहिली आहे. त्याने विकत घेताना नंबर वाचला नव्हता, फोटो पाहिला होता.

स्पिटफायर_१९६८:

मीच तो भुसावळचा. सगळ्यांचं वाचतोय. काल परत जाऊन आलो. दाराची फट सारखी आहे. चासी नंबर जुळला. पुली मात्र हलते, नजरेला दिसते. मालक म्हणाला, "सगळ्यांचीच हलते."

भुसावळचा_टर्नर:

सगळ्यांची हलत नाही. तेवढे पैसे कमी करून घे, चालवत आणू नको, ट्रकवर आण. इंजिनाचं ऑईल चेंबर खाली घेऊ, क्रँक सरकत असेल तेवढा मोजू आणि त्या मानाने जाड वॉशर बसवू. वॉशर आधीच पडले असतील आणि ब्लॉक खाल्ला असेल तर मीच म्हणेन, सोडून दे.

अजून एक, कन्नड घाट उतरताना वळणात एकदम अॅक्सिलरेटर सोडू नको. तुझी गाडी मार्क थ्री, म्हणजे तिसरी आवृत्ती, तिला मागचा जुनाच अर्धा अॅक्सल आहे. शेपटी हलकी झाली की चाक आत दुमडतं आणि गाडी मागून सुटते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर.

तापी_ते_मुठा:

पुढे बोलणार नव्हतो. पण धुळ्याला भाऊ राहतो, त्याला काल रात्री फोन केला. पडवीतल्या हेराल्डच्या उजव्या बाजूचं, न तुटलेल्या बाजूचं, वंगण भरायचं निप्पल खोलायला सांगितलं. त्याने फोटो पाठवला. तोंडाशी ग्रीस आहे, वाळलेल्या साबणासारखं, नखाने तुकडे पडतात. मग त्याने खालचं घर सोडवून दांड्याचा फोटो पाठवला. एक थेंब वंगण नाही. आटे तांबूस-काळे. गळ्याशी केसासारखी चीर आहे. ही बाजूसुद्धा तुटायचीच होती.

ट्रंकेत वडिलांचं हँडबुक सापडलं, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, इंग्रजी. वंगणाच्या तक्त्यात ट्रनियनपुढे ऑईलच लिहिलंय. वडिलांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली आहे. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. गॅरेजमध्ये त्यांनी हे सांगितलं असणार आणि कोणी ऐकलं नसणार, किंवा त्यांनी सांगायला संकोच केला असेल. ते तसेच होते.

ऑईलचं मान्य. मे महिन्यातल्या बिनछताच्या गाडीचं मान्य नाही. पोरा, हँडबुकचे फोटो काढून पाठवतो. हेराल्डचं आहे, पण पुढच्या सस्पेन्शनची पानं तुझ्या उपयोगी पडतील.

चाळीसगाव_गॅरेज:

चीर असलेला दांडा फेकू नका. माझ्या पोरांना दाखवायला हवा. मी चाक उचलून ग्रीसच भरणार, पण हा फोटो गॅरेजच्या भिंतीवर लावतो.

स्पिटफायर_१९६८:

मालक वीस हजार खाली आला. ट्रक शनिवारी ठरवलाय. टर्नर काका, रविवारी सकाळी सहाला येऊ का?

भुसावळचा_टर्नर:

साडेपाचला ये. ऑईलची गन माझ्याकडे आहे.