'टू टॉवर्स' हाच तिघांतला सरस भाग! पटतंय का?

उत्तररात्र (धागाकर्ता)
टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं दुसरं पुस्तक, 'टू टॉवर्स', नुकतंच संपवलं. मधला भाग म्हणजे वेळकाढूपणा, असं ऐकून होतो. मला तर पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. पहिल्यात शायर या हॉबिटांच्या (बुटक्या लोकांच्या) मुलखातून बाहेर पडेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. इथे पहिल्याच प्रकरणात अंगठीसोबत निघालेल्यांपैकी बोरोमिर मरतो, आणि मग टॉल्किन पुस्तकाचे सरळ दोन तुकडे करतो. आधीची 11 प्रकरणं रोहन या राज्याची, झाडांसारख्या एन्टांची, फितूर जादूगार सारुमानची. त्यात अंगठी नष्ट करायला निघालेला हॉबिट फ्रोडो औषधालाही नाही. नंतरची 10 फक्त फ्रोडो, त्याचा सेवक सॅम आणि अंगठीला हपापलेला वाटाड्या गॉलम यांची. अंगठीचं पुढे काय झालं हे अर्धं पुस्तक आपल्याला कळत नाही, कारण ते फ्रोडोपासून दुरावलेल्या अ‍ॅरागॉर्नलाही कळलेलं नाही. त्याच्याइतकेच आपणही अंधारात. सगळी गंमत त्यातच आहे असं माझं मत. तुमचं?

बोरूबहाद्दर
सपशेल असहमत. मुळात हे स्वतंत्र पुस्तकच नाही. टॉल्किनच्या मते ती एकच सलग कादंबरी. युद्धानंतर कागद महाग, म्हणून प्रकाशकाने तीन भाग केले. पहिले दोन 1954मध्ये आले, तिसरा थेट ऑक्टोबर 1955मध्ये. त्यामुळे याला ना धड सुरुवात, ना शेवट. शेवटी काय, तर फ्रोडो जिवंत पण शत्रूच्या हाती, आणि सॅम बंद दरवाज्यावर आपटून बेशुद्ध! त्या वेळच्या वाचकांनी यानंतर जवळजवळ वर्षभर कळ काढली, त्यांना दंडवत. आणि उत्तरार्धात आहे काय? खडक, दलदल, पुन्हा खडक. सॅम सशांचा रस्सा करतो तेवढीच करमणूक.

उत्तररात्र
कागदाचं मान्य. पण रोहन आणि फ्रोडो वेगळे ठेवले ते लेखकानेच. कादंबरीचे सहा खंड त्याने स्वतः पाडलेत, त्यातले तिसरा आणि चौथा इथे येतात. आणि मूळ कथा थांबते म्हणून महाभारतातल्या वनपर्वाबद्दल आपण कधी कुरकुरतो का?

बोरूबहाद्दर
वनपर्वात नल-दमयंती आहेत हो. इथे दलदलीत प्रेतं आहेत.

पाटीवरचा खडू
मी दोन्ही खंडांतली प्रकरणं आलटून-पालटून वाचली. 2002च्या चित्रपटात पीटर जॅक्सननेही दोन्ही कथानकं अशीच एकमेकांत गुंफलीत. अजिबात कंटाळा आला नाही. करून बघा.

शमा_वाचते
@खडू, अहो नका असला सल्ला देऊ! शत्रूच्या मुलखाच्या काळ्या दरवाज्यासमोर फ्रोडो हताश बसलेला असतो, तेव्हा टॉल्किन हळूच सांगतो की नेमक्या त्याच वेळी जादूगार गँडाल्फ सारुमानच्या ऑर्थँक मनोऱ्याच्या पायऱ्यांवर उभा राहून त्याचाच विचार करतोय. तो पायऱ्यांचा प्रसंग आपण कधीच वाचून झालेला असतो. गँडाल्फ परत आलाय हे आपल्याला माहीत, फ्रोडोला नाही. फ्रोडोच्या लेखी गँडाल्फ पहिल्या भागात मोरियाच्या खाणीतच मेला. प्रकरणांची खिचडी केलीत तर हा घाव बसेल का?

आणि चित्रपटाचं नावच काढू नका. रोहनच्या हेल्म्स डीप किल्ल्यावरची लढाई पुस्तकात एका प्रकरणात आटोपते, तिथे एल्फांची फौज येत नाही. सगळ्यात मोठा अन्याय बोरोमिरचा भाऊ फॅरामिर याच्यावर. पुस्तकातला फॅरामिर म्हणतो, वाटेवर पडलेली दिसली तरी मी ही वस्तू (अंगठी) उचलणार नाही, आणि शब्द पाळतो. पडद्यावरचा फ्रोडोला ओढत ऑस्गिलियथ शहरात नेतो.

पाटीवरचा खडू
पण पडद्यावर मोहात पडून मग सावरणारा फॅरामिर मला जास्त माणूस वाटला. पुस्तकातला जरा अतीच सद्गुणी.

तिखटमीठ
सगळे पुरुष वाचक जमलेत का इथे? अख्ख्या पुस्तकात प्रत्यक्ष दिसणाऱ्या बायका मोजा. रोहनच्या राजाची भाची एओविन, तीही थोडी पानं. आणि शिलॉब, म्हणजे गुहेतली राक्षसी कोळी. एन्टांच्या बायका तर हरवलेल्याच, त्यांच्याबद्दल फक्त हळहळ. मलाही पुस्तक आवडतं, पण 'सरस' म्हणताना हे कुणालाच टोचू नये?

उत्तररात्र
टोचतं. एओविनला न्याय मिळतो तो पुढच्या भागात, त्यामुळे इथे माझ्याकडे उत्तर नाही. पण बोरूबहाद्दर, किरिथ उंगोल खिंडीच्या पायऱ्यांबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. फ्रोडो आणि सॅम झोपलेत, गॉलम परत येतो, क्षणभर एखादा थकलेला म्हातारा हॉबिट दिसावा तसा दिसतो, फ्रोडोच्या गुडघ्याला हलकेच हात लावतो. तेवढ्यात सॅम जागा होऊन त्याच्यावर खेकसतो आणि सगळं संपतं. गॉलमची ही हुकलेली संधी टॉल्किनला स्वतःलाही फार लागली होती, त्याने पत्रात लिहून ठेवलंय.

बोरूबहाद्दर
तो प्रसंग शंभर नंबरी, वादच नाही. पण त्या एका पानासाठी एवढी पायपीट?

शमा_वाचते
दलदलीतून वाट काढून देणारा गॉलमच होता ना? ती पायपीट गाळलीत तर तो पायऱ्यांवर नुसता चोर वाटेल, सॅमला वाटला तसा.

तिखटमीठ
सॅमची चूक होती असं म्हणायचंय का तुम्हाला? मी तरी त्याच्या बाजूने. यावर वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही.