गोळे तडकतात ते काळ्या मातीमुळे
ताई, तुमचे सीडबॉल (माती, कंपोस्ट आणि बी मळून केलेले गोळे) वाळताना तडकले आणि कडुनिंब एकही उगवला नाही, असं लिहिलंय तुम्ही. तडकतात ते आपल्या माळव्याच्या काळ्या मातीमुळे. ओली असताना फुगते, वाळली की आकसते. इंदूरला कॉलनीच्या बागेसाठी आम्ही पिवळी चिकणमाती घेतो: ५ भाग माती, ३ भाग चाळलेलं कंपोस्ट, १ भाग बी. पाणी हातानं शिंपडत जायचं. मुठीत दाबल्यावर गोळा आकार धरतो, पण बोटांना चिखल चिकटत नाही, तिथे थांबायचं. मग दोन-तीन दिवस सावलीतच वाळवायचे.

कडुनिंबाचं बी मात्र जुनं असणार. निंबोळीची उगवण काही आठवड्यांतच घटते, म्हणून ताजी पडलेली वेचून, गर धुऊन लगेच वापरा. बहाव्याचं बी टिकतं, पण कवच इतकं टणक की आधी सँडपेपरवर घासावंच लागतं.

कंपोस्ट तर विकत घेऊच नका! ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा आणि शेणाचे थर देऊन कंपोस्ट करायची ‘इंदूर पद्धत’ आपल्याच गावात बसवली. बागेच्या कोपऱ्यात त्यासाठीचा खड्डा सहज मावतो. गोळे टाका दोन चांगले पाऊस झाल्यावर, आणि गुरं फिरतात ती जागा टाळून.