विल्यमसनचे 27 होम रन : पराक्रम की भिंतीची कृपा?

दांडपट्टा :
बेसबॉलमध्ये बेब रूथने 1919 च्या हंगामात 29 होम रन (एकाच फटक्यावर चारही बेस फिरून काढलेली धाव) मारले, तेव्हा मोडला तो 1884 चा विक्रम : शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जच्या नेड विल्यमसनचे 27. माझ्या मते हा आकडा तद्दन फसवा आहे. शिकागोच्या लेकफ्रंट पार्कची डावीकडची भिंत जेमतेम 180 फुटांवर होती, उजवीकडची 196 वर. 1883 मध्ये तिथे भिंतीपलीकडे गेलेल्या चेंडूला दोनच बेस मिळत. त्या हंगामात विल्यमसनचे डबल (दोन बेसचे फटके) 49, होम रन 2. पुढच्या वर्षी तोच फटका होम रन धरायचं ठरलं आणि 27 झाले, त्यातले 25 घरच्या मैदानावर. 1885 मध्ये संघाने मैदान बदललं, तर साहेब 3 वर! अजून काय पुरावा हवा?

कव्हरड्राइव्ह :
भिंत काय एकट्या विल्यमसनसाठी बांधली होती? पाहुण्या संघांनाही तीच होती की. गल्लीत खेळताना ‘जोशांच्या गच्चीवर गेला तर आउट’ ठरलं की आपण फटके जपून मारायचोच ना? नियम बघून खेळणं हीसुद्धा अक्कलच.

दांडपट्टा :
1884 मध्ये नॅशनल लीगमध्ये, म्हणजे शिकागो खेळायचं त्या स्पर्धेत, होम रनमधले पहिले चौघे कोण? विल्यमसन 27, फेफर 25, डॅलरिम्पल 22, अँसन 21. चौघेही शिकागोचेच! अक्कल काय एकाच गावात वाटली होती?

जर्सीकर :
तुम्ही दोघे भिंतीलाच धरून बसलात. त्या काळातला खरा होम रन पळून काढलेला. 1902 मध्ये टॉमी लीच 6 होम रनवर लीगमध्ये पहिला आला आणि सहाही मैदानाच्या आतले. चेंडू दोन आउटफिल्डरांच्या (लांबवरच्या क्षेत्ररक्षकांच्या) मधून लांब घरंगळतोय, बॅटर तिसरा बेस ओलांडून सुसाट सुटलाय आणि कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षकच म्हणा) होम प्लेटवर, म्हणजे शेवटच्या बेसवर, हात पसरून थ्रोची वाट बघतोय... यापुढे भिंतीवरून टोलवणं मिळमिळीत. बरं, चेंडू तरी कसला? तंबाखूच्या थुंकीने नि मातीने काळा पडलेला, बडवून मऊ झालेला, तरी तोच चालवायचे. 1908 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या अख्ख्या संघाचे होम रन होते 3. हो, तीन.

कव्हरड्राइव्ह :
+1. म्हणून तर फ्रँक बेकर ‘होम रन बेकर’ झाला. 1911 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अजिंक्यपदाच्या मालिकेत) लागोपाठच्या दोन सामन्यांत मार्क्वार्ड आणि मॅथ्यूसन या बड्या पिचरांना (गोलंदाजांना) एकेक ठोकला. एका हंगामातली त्याची सर्वाधिक संख्या फक्त 12.
@दांडपट्टा, गॅव्ही क्रॅव्हथचं काय करणार? फिलाडेल्फियाच्या बेकर बाउल या त्याच्या घरच्या मैदानाची उजवी भिंत 280 फुटांच्याही आत. हा उजव्या हाताचा बॅटर, म्हणजे फटका सहज जाणार डावीकडे, पण मुद्दाम उजवीकडे मारायला शिकला. 1915 मध्ये 24. हीपण कृपाच का?

दांडपट्टा :
क्रॅव्हथची मेहनत मान्य, पण 1914 मधले त्याचे 19 च्या 19 घरच्याच मैदानावर होते. उलट रूथ बघा. 1919 मध्ये बोस्टनकडून पिचिंगही करत होता, चेंडूवर थुंकी लावायला अजून बंदी नव्हती, आणि 29 पैकी 20 परक्या मैदानांवर. याला म्हणतात विक्रम.

कव्हरड्राइव्ह :
आणि 1920 मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर 54! तिथल्या पोलो ग्राउंड्स मैदानाची उजवी भिंत 258 फुटांवर, आणि रूथ डावरा, म्हणजे फटका सहज उजवीकडेच. तिथेही भिंतीचं नाव लिहायचं का?

दांडपट्टा :
लिहा खुशाल. बाहेरचे 25 तरी उरतातच. तुमच्या विल्यमसनचे उरतात 2.