कापडी लंगोट की विकतचे डायपर? घाण शेवटी कुणाच्या हाताला लागते?

मुठाकाठ (पुणे):
आमचं बाळ आता रांगायला लागलंय. दिवसा घरात कापडी, रात्री आणि प्रवासात विकतचा, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे. परवा सोसायटीच्या ग्रुपवर यावरून बरीच वादावादी झाली. एका मैत्रिणीने लिहिलं, "कापडी म्हणजे बाईला पुन्हा मोरीत बसवणं." मला ते पटलेलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. तुमची मतं हवी आहेत, विरोधी असली तर जास्तच.

विकतच्या डायपरची वरची आणि खालची पापुद्र्यासारखी आवरणं प्लास्टिकची असतात. आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटची पूड. ओल लागली की या पुडीची जेली होते, म्हणून बाळ कोरडं राहतं. उत्तम शोध आहे, नाही म्हणत नाही. पण वापरून झाल्यावर त्याचं होतं काय? ओल्या कचऱ्यात टाकला तर कुजत नाही आणि सुक्यात टाकला तर तिथल्या मालाची वाट लावतो.

पुण्यात घरोघरचा कचरा 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक घेतात, बहुतेक बायकाच. सुका कचरा त्या हाताने निवडतात, कारण बाटली, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या विकून चार पैसे मिळतात. नुसता गुंडाळी करून टाकलेला डायपर पिशवीत फुटला की ती जेली आणि शी सगळ्या पुठ्ठ्याला लागते. तो पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. म्हणजे हातही घाण आणि कमाईही गेली. २०१३ च्या महिला दिनाला याच बायकांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. कागदात गुंडाळून, ओळखू यावं म्हणून वर लाल ठिपका काढा, हे त्या किती वर्षं सांगताहेत. आमच्या सोसायटीत ठिपका काढणारी घरं अगदी थोडी.

पैशाचंही सांगते. मध्यम आकाराचा एक डायपर साधारण बारा रुपये धरा. दिवसाला सहा लागले तर महिन्याचे २,१६० रुपये, वर्षाचे जवळपास २६ हजार. आता जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, तरी हिशेब फार हलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याच्या घरी पाणी आहे, ऊन आहे, धुवायला दोन माणसं आहेत, त्याने दिवसा कापडी वापरावं. आपल्या बाळाची शी आपल्या संडासात जावी, दुसऱ्या बाईच्या हातात नको.

मांजराकाठ (लातूर):
"ज्याच्या घरी पाणी आहे" हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. माझ्याकडे सगळा प्रश्न तिथेच अडतो.

२०१६ साली आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. जलदूत गाडी तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. माझी थोरली त्याच उन्हाळ्यातली. टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा. आलेलं पाणी आधी प्यायला, मग स्वयंपाकाला, उरलं तर अंघोळीला. त्यात दहा-बारा लंगोट कशात धुवायचे? शीचा लंगोट एका पाण्यात निघत नाही. आणि बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, वाळल्यावर कापड पापडासारखं कडक होतं. तेच बाळाच्या मांड्यांना घासायचं.

मी डायपर वापरले आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. मराठवाड्यातल्या बाईला पर्यावरणाचा धडा देण्याआधी तिच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारा.

मुठाकाठ:
धडा द्यायचा हेतू नाही ताई. तुमच्या परिस्थितीत मीही डायपरच घेतले असते. पण मग त्या डायपरचं पुढे काय झालं, हेही विचारावंसं वाटतं. माझ्या सासरच्या गावी घंटागाडी येत नाही. तिथे डायपर ओढ्यात तरी दिसतात, नाहीतर घरामागे पालापाचोळ्यात पेटवलेले.

मांजराकाठ:
आमच्याकडेही पेटवतात. भिजलेला नीट जळतही नाही, अर्धवट धुमसत राहतो आणि प्लास्टिकचा वास गल्लीभर पसरतो. ते चूकच आहे. पण त्यावर उपाय घंटागाडी हा आहे. गाडी पाठवायची कुणी, तर महापालिकेने. ते होत नाही म्हणून बाळंतिणीने हंडे वाहायचे, हे मला मान्य नाही.

ठाणे_लोकल:
मोरीत बसवण्याबद्दल. तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे, आणि तुम्ही तिला नीट उत्तर दिलेलं नाही.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. तीही संघटित नोकरीतल्या बाईला. सातव्या महिन्यात मी परत ७.५८ च्या गाडीला उभी होते. पाळणाघराने पहिल्याच दिवशी सांगितलं, कापडी चालणार नाही, दिवसाचे पाच डायपर नाव घालून द्या. त्यांचंही चुकत नाही, दोन मावश्या आणि बारा पोरं. घरी कामाला येणाऱ्या ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "धुणं करीन, पण शीचे कपडे नाही." त्यांनी का करावे? आणि जास्त पैसे देऊन करून घेतले, तर तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर तेच राहतं. कचरावेचक बाईऐवजी धुणंवाल्या बाईचे हात, इतकाच फरक.

कापडीचा आग्रह धरणाऱ्या दहा घरांत जाऊन बघा, धुतं कोण. आई, आजी, नाहीतर बाई.

लेकीचा_बाबा (कोल्हापूर):
आमच्याकडे मी धुतो. पहिल्या आठवड्यापासून. बायको पाजते, ते काम मला करता येत नाही, मग हे माझं. यात काही मोठेपणा नाही, पण लोकांना वाटतं तितकं किळसवाणंही नाही, म्हणून पद्धत लिहितो.

शी आधी संडासात पाडायची, जेटने धार मारली की निघते. मग लंगोट गार पाण्यात एकदा खळबळून पिळायचा. लगेच गरम पाण्यात घातला तर डाग पक्का होतो. पिळलेले लंगोट झाकण नसलेल्या बादलीत कोरडेच ठेवायचे. रात्रभर भिजत घातले की कुबट वास धरतात, आणि बटणांच्या कापडी डायपरचं रबर सैल पडतं. एक दिवसाआड मशीन: आधी पावडरीशिवाय लहान फेरी, मग मोजकी पावडर टाकून ४० अंशांवर पूर्ण धुणं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. डेटॉल, व्हिनेगरही नको, बाहेरच्या जलरोधक अस्तराची त्याने वाट लागते. राहिलेले पिवळे डाग ओले असतानाच उन्हात टाका, दुपारपर्यंत आपोआप फिके होतात.

नवे आणलेले लगेच वापरू नका. सुती कापडात मुळात तेलकटपणा असतो, चार-पाच धुण्यांनंतर ते खरं शोषायला लागतं. बरेच लोक पहिल्याच दिवशी गळालं म्हणून माळ्यावर टाकून देतात.

ठाणे_लोकल:
दादा, तुम्ही करता ते फार चांगलं आहे, मनापासून सांगते. पण तुमच्या घरावरून सगळ्यांना नियम लावता येत नाही. मुठाकाठ यांनी "दोन माणसं" लिहिलं. त्यातलं दुसरं माणूस बहुतेक घरांत रात्री नऊला येतं.

वाशिष्ठी (चिपळूण):
आमच्याकडे प्रश्न पाण्याचा नाही, वाळवण्याचा आहे. आषाढात ऊन दिसत नाही. जाडजूड बटणवाले डायपर आणि त्यातल्या चार पदरी पट्ट्या तीन-तीन दिवस ओल सोडत नाहीत. दमट पट्टी बांधली की जांघेत पुरळ आलंच म्हणून समजा.

पण म्हणून कापडी बाद होत नाही. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचे आणि सासऱ्यांच्या धोतराचे चौकोन फाडून त्रिकोणी लंगोट केले. एकेरी कापड पंख्याखाली दोन-अडीच तासांत खडखडीत वाळतं. वर इस्त्री फिरवली की राहिलेली ओलही जाते. शोषत कमी, म्हणून बदलावे जास्त लागतात. दुपटी भिजतात, खाली रबरी शीट घालावं लागतं. पण खर्च शून्य. हे पाचशे-सातशेचे नक्षीदार डायपर विकणारे लोक "आजीच्या काळात चला" म्हणतात, ते मला खटकतं. आजीच्या काळात जुनं धोतर होतं, पैसे मोजावे लागत नव्हते.

सिस्टर_वॉर्ड४:
नवजात बाळांच्या वॉर्डात नोकरी करते. दोन्ही बाजूंनी जे बोललं जातं त्यातलं थोडं दुरुस्त करते.

"कापडीने पुरळ येत नाही" हे खरं नाही. कातडी ओली राहणं आणि त्यावर शी-शूचा मारा होणं, हे पुरळाचं मुख्य कारण. चांगला डायपर ओल आत ओढून घेतो, म्हणून त्या बाबतीत तो वरचढच आहे. बिघडतं कुठे? कोरडा लागतो म्हणून लोक तो सात-आठ तास काढत नाहीत. आत शी असेल तर कातडी सोलून निघते. कापडी ओला झाला की बाळ रडतं, आई बदलते. दोष वस्तूपेक्षा न बदलण्याचा असतो. पावडर थापू नका, पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक ठिपके दिसले तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

आता कापडीची एक मोठी बाजू, जी इथे कुणी मांडली नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू करतंय का, यावरून दूध पुरतंय की नाही ते कळतं. लंगोटात ते मोजता येतं. डायपरमध्ये तीन वेळची शू एकत्र जिरते, आणि नवी आई गोंधळते. जुलाबातही तसंच. पातळ शीमधलं पाणी डायपर शोषून घेतो, वर थोडासाच डाग दिसतो, आणि बाळाच्या अंगातलं पाणी किती गेलं याचा अंदाज चुकतो. म्हणून पहिला महिना आणि आजारपणात मी कापडी सांगते, निदान दिवसा.

लीड्सवासी:
इंग्लंडमधला अनुभव आणि आकडे. इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने २००८ साली हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड आणि कापडीमुळे सुमारे ५७०. म्हणजे कापडी थोडं जास्तच! कारण इथे लोक गरम पाण्यात धुतात आणि विजेच्या ड्रायरमध्ये वाळवतात. दोरीवर वाळवलं, मशीन भरून लावलं, तेच दुसऱ्या मुलाला वापरलं, तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी कमी होतो. २०२३ च्या नव्या अभ्यासात कापडी साधारण २५ टक्क्यांनी कमी आला. लंडनमधल्या काही कौन्सिल तर कापडी घेणाऱ्या पालकांना व्हाउचर देतात, कारण कचरा उचलायचा खर्च त्यांचाच वाचतो.

तेव्हा पृथ्वी वाचवली म्हणण्याआधी धुता कसं ते बघा. भारतात गार पाणी आणि ऊन असल्यामुळे कापडीची बाजू इथल्यापेक्षा नक्की बळकट आहे.

मांजराकाठ:
कार्बनचा हिशेब आला, टँकरचा यायचा राहिला.

आजी६८:
मी तीन मुलं लंगोटांवर वाढवली. तेव्हा घरात चार बायका होत्या आणि बाळंतिणीला सव्वा महिना गार पाण्यात हात घालू देत नसत. आज सुनेला एकटीला तेच कर म्हणणं बरोबर नाही. त्या बाबतीत ठाण्याच्या मुलीचं खरं आहे.

पण तुम्ही सगळे किती लंगोट, किती डायपर हेच मोजताय. आम्ही बाळाला मान धरायला लागल्यापासून पायांवर बसवत होतो. पाय जुळवून पुढे घ्यायचे, त्यावर बाळाला टेकवायचं आणि "शूऽऽ" करायचं. सकाळी उठल्यावर, पाजल्यानंतर थोड्या वेळाने. वेळ जमली की शी तिथेच होते. लंगोट निम्मे वाचतात आणि वर्षाच्या आसपास मूल आपणहून सांगायला लागतं. माझी नात अडीच वर्षांची आहे आणि डायपर घातल्याशिवाय तिला शी होत नाही. मला ती गोष्ट प्लास्टिकपेक्षा जास्त सलते.

लेकीचा_बाबा:
आजी, हे आईकडून शिकलो आणि खरंच चालतं. सकाळची शी आम्ही पायांवरच करवतो. धुण्याचं सगळ्यात नकोसं काम त्यानेच कमी झालं.

मुठाकाठ:
ठाणे_लोकल, पाळणाघर आणि कामवाल्या ताईंचा मुद्दा मी सोडलेला नाही. म्हणूनच "घरी असाल तेव्हा, धुणारी माणसं दोन असतील तर" इतक्यावर मी थांबले. घरातल्या पुरुषाने धुवायचं हे त्या अटीत धरलेलंच आहे. तो धुणार नसेल तर त्याने कापडीचा आग्रहही धरू नये.

आणि डायपर वापरणाऱ्यांसाठी: घनकचरा नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. वापरलेला डायपर नीट गुंडाळून वेगळा द्यायचा ही आपली जबाबदारी. आणि त्यासाठी पाकिटासोबत पिशवी देणं ही कंपनीची. मी आजवर घेतलेल्या पाकिटांत अशी पिशवी निघालेली नाही. महिन्याला दोन हजार मोजणाऱ्या पालकांनी ती मागायला नको का?

ठाणे_लोकल:
मागायलाच हवी. कंपनीला आणि महापालिकेला पत्र लिहा, माझी सही धरा, पाळणाघरातल्या पालकांच्याही मिळवून देते. मुंबईत २०२५ पासून पालिका असा कचरा वेगळा उचलते आहे, ठाण्यातही नीट उचलला जावा हे त्या पत्रात घाला. घरचा डायपर मी आजपासून कागदात गुंडाळून, लाल ठिपका काढून देईन.

पण "दिवसा कापडीच" याला माझा विरोध कायम आहे. तुमच्या अटीत बसणारी घरं थोडी, आणि असा आग्रह सुरू झाला की त्या अटी गळून पडतात. मग सासू एवढंच म्हणते, "पुण्याच्या त्या बाई करतात, तुला काय होतं?"

मांजराकाठ:
पत्रात लातूरचंही नाव घाला. आम्हाला पिशवीच्या आधी गाडी हवी.